हैदराबादची सहल : काय पाहावे, कसे पाहावे

(सीमेलगतच्या गावांतील शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या गोष्टी सुरू होतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद या आपल्या तालुक्यांपुरते बोलावयाचे तर सहलीचे ठिकाण बहुधा ठरलेलेच असते, ते म्हणजे हैदराबाद. यात नवल काहीच नाही. मुंबई आपल्याला दूरची. हैदराबाद सकाळी निघून दुपारी गाठता येणारे. आपल्याकडील रोगी मोठ्या इस्पितळासाठी तिकडेच जातो, लग्नाचा बस्ता बांधावयास तिकडेच जातात, हाताला काम नसले की तरुण पोरे तिकडचीच गाडी धरतात. तेव्हा सहल तिकडे जावी हे रास्तच आहे. प्रश्न आहे तो सहलीतून मुलांच्या पदरी काय पडते याचा.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत गेलो असता मी सातवीच्या मुलांना विचारले, "तुम्ही हैदराबाद पाहून आलात, तेथे काय पाहिले?" एकाने आकाशपाळणा सांगितला, दुसऱ्याने चित्रपटाच्या खोट्या राजवाड्याचे वर्णन केले. चारमिनार गाडीतूनच पाहिला होता, कारण संध्याकाळ झाली होती. मुशी नदीवरून दोनदा जाऊनही ती कोणालाच ठाऊक नव्हती. यात मुलांचा दोष नाही, आणि पाळण्यात बसू नये असेही मी म्हणत नाही. परंतु ज्या शहराशी आपल्या पणजोबांची फिर्याद, शेतसारा, शिक्षण आणि तुरुंगवास हे सर्व जोडलेले होते, ते शहर परक्या प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहून यावे, ही गोष्ट मनाला लागते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना हे सांगावयास नको. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, तरी राजधानी बदलली नाही. पुढे आठ वर्षे आपण हैदराबाद राज्याचेच रहिवासी राहिलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि तेलुगू, कानडी व मराठी मुलूख तीन वाटांनी गेला. देगलूरच्या पलीकडे काही कोसांवर जी सीमा आज आपण पाहतो, ती त्या दिवशीची. तत्पूर्वी तेथे सीमा नव्हती; एकाच राज्यातील दोन शेजारची गावे होती. म्हणूनच आपल्याकडे घरोघरी मराठी व तेलुगू दोन्ही समजतात आणि सोयरिका अद्याप पलीकडे होतात. जुने दप्तरही तिकडचेच. २०२५ साली 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द प्रत्येक पारावर पोचला. त्याच्या वादात मी येथे शिरत नाही. परंतु आपल्या जमिनीचा आणि जातीपातीचा जुना कागद हैदराबादच्या दप्तरात निघतो, एवढे तरी त्यामुळे सर्वांच्या ध्यानी आले.

आता वाटेविषयी. देगलूरहून मदनूर, पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी हा सरळ रस्ता आहे आणि बहुतेक गाड्या याच रस्त्याने मुलांना झोपवून नेतात. माझे सांगणे असे की, या रस्त्यावर मुलांना जागे ठेवावे. जोगीपेठेहून संगारेड्डीकडे जाताना आपण एक नदी ओलांडतो. ती मांजरा. तेलंगणात तिला मंजीरा म्हणतात. बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरात उगम पावलेली ही नदी लातूरकडून बीदरमार्गे तेलंगणात उतरते, संगारेड्डीजवळ वळण घेऊन उत्तरेस फिरते आणि पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर येऊन गोदावरीस मिळते. म्हणजे माहेरी परतणारी ही नदी आहे. तिच्यावर जोगीपेठेजवळ सिंगूरचे धरण आहे आणि खाली संगारेड्डीजवळ बंधारा आहे. या दोहोंचे पाणी नळाने हैदराबादेस जाते. बंधाऱ्याच्या जलाशयात मगरींचे व पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे. थंडीत तेथे दूरदेशचे पक्षी येतात. मगरी पाहावयाच्या म्हणून मुले हट्ट धरतील. खुशाल धरू द्यावा, मात्र काठावर उतरू देऊ नये.

या नदीची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात सिंगूरही आटले आणि हैदराबादला कृष्णा व गोदावरी यांच्या पाण्यावर निभावावे लागले. एकाच नदीच्या वरच्या अंगाला एक शहर तहानले आणि खालच्या अंगालाही एक शहर तहानले. मध्ये दोन राज्यांच्या सीमा होत्या. भूगोलाच्या पुस्तकातील 'खोरे' हा शब्द मुलांस समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

शहरात शिरण्यापूर्वी गोवळकोंडा पाहावा. तो शहराच्या पश्चिमेस असल्याने आपल्या वाटेवरच पडतो, आणि सकाळच्या थंड वेळी चढणे बरे. काकतीयांच्या काळातील या गढीस कुतुबशाही सुलतानांनी दगडी किल्ल्याचे रूप दिले. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली की ती वर बालाहिसारला ऐकू येते, ही गंमत प्रत्येक वाटाड्या दाखवितो. मुलांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण खापरी नळ आणि रहाटांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने एवढ्या उंचीवर पाणी चढविण्याची जी योजना तेथे होती, तिच्या खुणा शिक्षकांनी शोधून दाखवाव्यात. गोवळकोंड्याचे हिरे जगप्रसिद्ध, तथापि हिऱ्याची खाण येथे नव्हती. खाणी कृष्णेच्या काठी कोल्लूर वगैरे ठिकाणी होत्या. येथे बाजारपेठ होती. मुले हमखास चुकतात ती येथे.

१६७७ साली दक्षिण दिग्विजयास निघालेले शिवाजी महाराज प्रथम येथे आले आणि अबुल हसन कुतुबशहाशी त्यांची भेट झाली. मराठ्यांचे वकील प्रल्हाद निराजी यांनी ती मसलत जमविली होती. कुतुबशहाचा कारभार त्या वेळी मादण्णा आणि आकण्णा या दोघा भावांच्या हाती होता. दहा वर्षांनी, १६८७ साली, औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला, तोही लढून नव्हे. आतल्या एका सरदाराने दरवाजा उघडला म्हणून. आणि या गोष्टीचा शेवट आपल्या मराठवाड्यात आहे. कैद झालेल्या त्या शेवटच्या सुलतानास देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि तेथेच तो वारला. ज्या शाळेची सहल एका वर्षी दौलताबादेस गेली असेल, तिने पुढच्या वर्षी गोवळकोंड्यास जावे. चिनी महालाच्या रिकाम्या खोल्या मग मुलांस रिकाम्या वाटणार नाहीत. किल्ल्याच्या पायथ्याशी कुतुबशाही सुलतानांच्या कबरींचा बाग आहे. अबुल हसनची कबर मात्र त्यांत नाही.

चारमिनारविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण त्याच्याविषयी सर्वांनाच माहिती आहे. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली नवे शहर वसविले, त्याचा हा मध्यबिंदू. चार दिशांना चार रस्ते, असा नेटका आराखडा होता. शहराच्या नावाशी जोडलेली भागमतीची प्रेमकथा लोकप्रिय आहे, इतिहासकारांत मात्र तिच्याविषयी एकमत नाही; शिक्षकांनी दोन्ही गोष्टी सांगाव्यात. शेजारची मक्का मशीद १६१७ साली बांधावयास घेतली गेली आणि औरंगजेबाच्या कारकीर्दीत, १६९४ मध्ये, पुरी झाली. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर दुकानातच बसलेले असतात. निखाऱ्यावर लाख मऊ करून तिचे कडे वळविण्याचे काम दहा मिनिटे पाहावे. मुलींना बांगड्या घेऊ द्याव्यात. भाव करण्यास हरकत नाही. तेथील दुकानदार भाव करणार नाही त्याला गिऱ्हाईकच समजत नाहीत!

या बाजारात कान उघडे ठेवावेत. तेथील दखनी बोलीत 'नको' या अर्थी 'नक्को' म्हणतात आणि शब्दावर जोर देताना शेवटी 'च' लावतात. 'वोइच', 'ऐसाइच' हे ऐकले की आपल्या मुलांना हसू येते. उत्तरेकडील उर्दूत ही लकब नाही. ती मराठीच्या शेजाराने आली. उलट आपल्या बोलण्यातील दफ्तर, पेशकार, तहसील हे शब्द तिकडच्या कचेऱ्यांनी आपणास दिले.

आता मुशीकडे येतो, आणि येथे मला थोडा अधिक वेळ द्या.

ही नदी हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळील अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते. ते ठिकाणही रम्य आहे. एक दिवस हाती असेल तर त्या झाडीत मुलांना अवश्य न्यावे. शहरातील मुशी मात्र आज नाक दाबून ओलांडावी लागते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला जो पूर आला, त्याने अर्धे शहर धुऊन नेले. हजारो माणसे बुडाली. पंधरा हजारांपर्यंतचा अंदाज सांगितला जातो. उर्दूचे नामवंत कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या रात्रीच्या पाण्यात गेली, ते एकटे वाचले. अफजलगंजात उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. पुराच्या वेळी तिच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला असे सांगतात. इस्पितळाची भव्य इमारत पुढची, झाड आधीचे. आपल्या गावचे किती रोगी आणि त्यांचे नातलग त्या आवारात रात्री काढून आले असतील, आणि त्यांपैकी कितीजण त्या चिंचेच्या सावलीत भाकरी सोडून बसले असतील! पण हे झाड कोणते, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी नदीच्या काठी नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पाणी शहराच्या वरच अडविले पाहिजे, असा सल्ला दिला. त्याप्रमाणे मुशीवर उस्मानसागर आणि तिला मिळणाऱ्या ईशीवर हिमायतसागर हे तलाव अनुक्रमे १९२० आणि १९२७ मध्ये पुरे झाले. पूर आवरणे आणि प्यावयास पाणी पुरविणे ही दोन्ही कामे त्यांनी केली. उस्मानसागरास गंडीपेठ असेही म्हणतात. सायंकाळी त्याच्या बांधावर उभे राहावे. पलीकडचा तीर धूसर दिसतो आणि शहराचा गलबला ऐकू येत नाही. अभियंत्याचे काम कसे असते हे मुलांना येथे दाखवावे.

जुने लोक पाण्याबाबत किती विचार करीत, याचा आणखी एक दाखला शहराच्या दक्षिणेस प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. मीर आलम तलावाचा बांध सरळ नाही. २१ कमानी आडव्या ठेवून त्यांची एक ओळ केली आहे आणि पाण्याचा दाब त्या कमानी झेलतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे हे बांधकाम आजही उभे आहे. हजारो मुले वाघ पाहून त्याच्याकडे पाठ करून परत जातात. हुसेनसागर तर शहर वसण्याच्याही आधीचा, १५६० च्या सुमारासचा. त्याच्या मधोमध एकाच दगडातून घडविलेली बुद्धमूर्ती आहे. १९९० साली ती तराफ्यावरून नेत असता तराफा कलंडून मूर्ती तळाला गेली आणि काही माणसे प्राणास मुकली. पुढे ती वर काढून १९९२ मध्ये उभी केली.

तलाव आहेत म्हणून धोका टळला, असे मात्र समजू नये. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री अतिवृष्टी झाली, शहरातील काही जुन्या तलावांचे बांध फुटले आणि वस्त्यांत पाणी शिरून माणसे दगावली. जेथे ओढे होते तेथे घरे झाली होती. आपल्याही गावांत ओढ्यात कोणाकोणाची बांधकामे उभी राहत आहेत, याची यादी मी येथे वाचून दाखवीत नाही. ती आपणा सर्वांस पाठ आहे.

मुशीच्याच काठावर सालारजंग संग्रहालय आहे. १९५१ साली ते लोकांना खुले झाले. एका माणसाने जमविलेला एवढा संग्रह क्वचितच पाहावयास मिळतो. सर्व दालने पाहण्याचा हव्यास धरू नये. संगमरवराच्या पातळ बुरख्याआडून चेहरा दिसावा असे कोरलेली रिबेकाची मूर्ती, हस्तलिखिते आणि तासाचे टोले देणारे बाहुल्यांचे घड्याळ, एवढे नीट पाहिले तरी पुष्कळ झाले. शुक्रवारी संग्रहालय बंद असते. सहलीचा वार ठरविताना हे न पाहिल्यामुळे दारावरून परतलेल्या शाळा मला ठाऊक आहेत.

शिक्षक मित्रहो, यानंतरचे दोन-तीन मुक्काम खास आपल्यासाठी आहेत. कोठीच्या बाजूस जांबागेत विवेकवर्धिनी ही संस्था आहे. मराठवाड्यातून तेथे जाऊन नामांकित वकील आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर, तसेच वामनराव नाईक आदी मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती उभी केली. त्या काळी सरकारी कारभार उर्दूत चाले, खाजगी शाळांकडे संशयाने पाहिले जाई आणि सभा भरविण्यासही परवानगी लागे. अशा राजधानीत मराठी मुलांनी मराठीत शिकावे म्हणून शाळा काढणे हे धैर्याचे काम होते. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्या मुलांना तेथे अर्धा तास बसवावे. राज्य बदलले, सीमा पडली, पण तेथील मराठी माणसांनी कपाटांना कुलूप लावले नाही. आपल्या गावांतील किती वाचनालये रोज उघडतात, हा प्रश्न मी या संदर्भात विचारणारच होतो, पण अध्यक्षांकडे पाहून थांबतो.

उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची इमारत सर्वजण बाहेरून पाहतात. ते विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून शास्त्रे शिकविण्याचा हा प्रयोग मोठा होता. त्यासाठी ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खाते होते. या कामाचे श्रेय द्यावयासच हवे. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी होती, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषाच पत्करावी लागली, हेही तितकेच खरे. १९३८ साली तेथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी कितीएकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्याच सुमारास औरंगाबादच्या महाविद्यालयातही तीच ठिणगी पडली होती.

बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी ते शिक्षक होते, हे सांगावे लागते. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांत त्यांनी मुलांना शिकविले आणि तेथून ते चळवळीत गेले. १९७२ साली त्यांचे हैदराबादेस निधन झाले. सप्टेंबरच्या १७ तारखेस आपण शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण सहलीच्या गाड्या समाधीवरून पुढे निघून जातात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. हैदराबादेच्या आसपास जागोजाग एकावर एक रचल्यासारखे प्रचंड गोटे दिसतात. ते कोणी रचलेले नाहीत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा ग्रॅनाइट. ऊन, पाऊस आणि वारा यांनी झिजून त्याला हे आकार आले. आपल्याकडील काळा पाषाण लाव्ह्याचा आणि वयाने याच्यापुढे अगदी लहान. देगलूर-बिलोलीच्या भागात हे दोन्ही दगड भेटतात. वाटेत गाडी थांबवून दोहोंचा एकेक तुकडा मुलांच्या हाती द्यावा. शहर वाढले तसे यांतील पुष्कळ गोटे सुरुंग लावून फोडले गेले. जे उरले आहेत ते पाहून घ्यावेत.

व्यवस्थेविषयी दोन शब्द. ही सहल दोन मुक्कामांची असावी. एका दिवसात सर्व उरकण्याच्या नादात मुले फक्त गाडी पाहतात. खात्याची परवानगी, पालकांची संमती आणि मुलींसोबत शिक्षिका यांत कसूर नसावी. जुन्या शहरात गर्दी फार, तेव्हा दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा आणि प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद हवा. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. गावातील ज्येष्ठांपैकी ज्यांनी हैदराबादेस शिक्षण वा नोकरी केली, त्यांच्यापैकी एकाला मुलांबरोबर आवर्जून न्यावे. अशी माणसे आता थोडी उरली आहेत.

परतताना वाट बदलावी. कामारेड्डीवरून निजामाबादेस यावे. ज्यांना लहान मुलांना अक्षरे गिरवावयास लावावयाची असतील, त्यांनी गोदावरीकाठच्या बासरला सरस्वतीच्या देवळात जावे; तेलुगू आणि मराठी घरांतील मुले तेथे शेजारी शेजारी बसून पहिले अक्षर काढतात. इतरांनी बोधनचा रस्ता धरावा. निजामसागराच्या कालव्याखाली पिकलेल्या उसावर चालणारा बोधनचा साखर कारखाना एके काळी आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला जाई. २०१५ साली तो बंद पडला. तेथून पुढे येसगीस मांजरेचा पूल लागतो. अलीकडे तेलंगण, पलीकडे बिलोली तालुका. जाताना संगारेड्डीजवळ जी नदी ओलांडली, तीच ही. तेथे गाडी पाच मिनिटे थांबवावी, मुलांना कठड्याशी उभे करावे आणि पाणी कोणत्या बाजूस वाहते आहे ते त्यांनाच पाहून सांगू द्यावे. अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोचतील अशा बेताने तेथून निघावे.